आप्तवाक्य आणि पाटी : नागपुरातील भोजनगृहनिवडीविषयी काही विचार

१

एखाद्या नगरात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या मनुष्याने कोठे जेवावे, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो असे म्हटल्यास प्रथमदर्शनी ते विपर्यस्त वाटेल. परंतु किंचित विचार करता असे दिसून येते की, अशा मनुष्यापुढे अन्न हे अन्नरूपाने येतच नाही. ते प्रथम शब्दरूपाने येते. रस्त्यावरची पाटी, भिंतीवर रंगविलेली पदार्थांची यादी, वृत्तपत्रातील खाद्यविषयक लेख, भ्रमणध्वनीवरील तारांकने आणि परिचितांच्या शिफारशी या साऱ्या भाषिक कृती होत. पहिला घास घेण्यापूर्वी नवागताने अशी कितीतरी वाक्ये वाचलेली वा ऐकलेली असतात, आणि त्याची निवड साधणे वा फसणे हे बहुतांशी त्या वाक्यांच्या अर्थग्रहणावर अवलंबून असते. सबब या वाक्यांची छाननी करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रस्तुत लेखापुरते नगर म्हणून नागपूर घेतले आहे. देवरी हे मुंबई-कलकत्ता महामार्गावरील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. येथील मनुष्याला ‘शहर’ या शब्दाने प्रथम नागपूरच आठवते. १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, १९४७ चे वैद्यकीय महाविद्यालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, यांपैकी कशासाठी ना कशासाठी साकोली-भंडारा ओलांडून त्याला तेथे जावे लागते. म्हणजे नागपुरास प्रथम जाणारा हा प्रायः रसिक प्रवासी नसतो. तो विद्यार्थी, रुग्णाचा नातेवाईक किंवा पक्षकार असतो. खाद्यविषयक लेखन मात्र एक मोकळा, पैसेवाला आणि भुकेहून कुतूहलाने अधिक प्रेरित असा वाचक गृहीत धरते. हे अंतर पुढील विवेचनात लक्षात ठेवावे लागेल.

न्यायशास्त्राने सांगितलेल्या प्रमाणांपैकी प्रत्यक्ष हे नवागताला उपलब्ध नाही, कारण त्याने तेथे कधी खाल्लेलेच नाही. पूर्वी पाहिलेल्या वस्तूशी साम्य सांगून ज्ञान देणारे उपमान त्याला थोडेफार साहाय्य करते. उरतात ती अनुमान आणि शब्द. पाटी ही अनुमानाची सामग्री, तर शिफारस हे शब्दप्रमाण. या दोहोंचा क्रमाने विचार करू.

२

प्रथम जातिवाचक नामे पाहू. मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजीतून आला, पण येताना त्याचा मूळ अर्थ मागे राहिला. इंग्रजीत त्याने मुक्कामाची जागा दर्शविली जाते. मराठीत चहा-भजी मिळणारे टपरीवजा दुकानही हॉटेलच होय, आणि मुक्कामाच्या जागेस आपण ‘लॉज’ म्हणतो. त्यामुळे पाटीवरील ‘हॉटेल’ या शब्दावरून काहीही अनुमान निघत नाही. त्याची व्याप्ती इतकी वाढली आहे की, तो अर्थदृष्ट्या जवळजवळ रिक्त झाला आहे.

‘उपाहारगृह’ हा शब्द अधिक नेमका. उप आणि आहार, म्हणजे मुख्य जेवणाहून गौण असे खाणे. पाट्यांवर मात्र हा शब्द बहुशः ‘उपहारगृह’ असा लिहिलेला आढळतो, आणि उपहार म्हणजे भेटवस्तू. या ऱ्हस्वतेची थट्टा करण्यात शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी बराच काळ घालविला आहे. नवागताला त्यातून काही लाभ नाही; त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, अशा ठिकाणी सकाळी व सायंकाळी जावे, दुपारच्या जेवणाची अपेक्षा ठेवू नये.

‘खाणावळ’ हा या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द. वस्तूपेक्षा व्यवस्था सुचविणारा तो शब्द आहे. खाणावळीचे गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबाने बांधलेले असते. विद्यार्थी, कारकून, घरापासून दूर असलेला कामगार हीच माणसे तेथे रोज दोन वेळा येतात. तेथील वरण आज पातळ झाले तर उद्या तक्रार होते, आणि परवा माणूस दुसरी खाणावळ शोधतो. याउलट स्थानकासमोरील भोजनालयाचा ग्राहक आज जेवून गाडीने निघून जातो आणि पुन्हा कदाचित येतच नाही, म्हणून त्याची नाराजी मालकापर्यंत पोहोचण्यास मार्गच नसतो. तेव्हा नवागताने विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, या जागेचे पोट पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवर चालते की एकदाच येणाऱ्यांवर? माझ्या मते रुचीविषयीच्या कोणत्याही विशेषणापेक्षा हे अनुमान अधिक भरवशाचे आहे.

गर्दीवरून करावयाचे अनुमान मात्र तितके निर्दोष नाही. महामार्गावरील ढाब्यापुढे मालमोटारींची रांग दिसली की, अन्न चांगले असले पाहिजे असा समज आहे. देवरीच्या परिसरात हे दृश्य नित्याचेच. परंतु नैयायिकांच्या परिभाषेत हा हेतू सोपाधिक आहे. वाहने उभी करण्यास मोकळी जागा, शेजारी डिझेलचा पंप, अंघोळीला पाणी, निजायला बाज, सीमेवरील तपासणीपूर्वीचा थांबा यांपैकी कोणत्याही कारणाने रांग लागू शकते. गर्दी हे कशाचे तरी चिन्ह आहे एवढे निश्चित. ते चवीचेच आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

३

आता विशेषणांकडे वळू. मराठी पाट्यांवर चार विशेषणे किंवा विशेषणसदृश वाक्ये विशेष रूढ आहेत : ‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘मूळ’ किंवा ‘जुने’, आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’.

‘घरगुती जेवण मिळेल’ या वाक्यात एक अंतर्विरोध आहे. जे विकत मिळते ते घरगुती नव्हे, आणि जे घरगुती ते विकत मिळत नाही. अर्थात येथे अभिधेने अर्थ लागत नाही. लक्षणेने तो ‘कमी तेलाचे, कमी मसाल्याचे, रोज खाता येण्याजोगे’ असा लागतो. प्रश्न उरतो तो, कोणाच्या घरचे, हा. पाटी ते सांगत नाही, आणि वाचक आपल्याच घराची कल्पना तेथे भरतो. झाडीपट्टीतील विद्यार्थी भात मनात धरून आत जातो. ताटात प्रथम पोळ्या येतात आणि भाताची मूद शेवटी येते. पाटी खोटी नसते. घर मात्र दुसऱ्याचे असते.

‘मूळ’ अथवा ‘जुने’ या शब्दांचे कार्य व्यवच्छेदक आहे. ज्या दुकानाच्या शेजारी त्याच नावाचे दुसरे दुकान नाही, त्याला स्वतःस मूळ म्हणवून घेण्याची निकड भासत नाही. म्हणून हा शब्द गुणवत्तेपेक्षा भाऊबंदकीचा किंवा अनुकरणाचा पुरावा समजावा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य तर मराठी व्यापारी गद्यातील एक अपूर्व रचना होय. वाढ न होणे ही वस्तुतः व्यापारातील उणीव. येथे ती प्रतिष्ठा म्हणून मिरविली जाते, आणि तीत एक सत्यही आहे. स्वयंपाक हे हाताचे काम आहे, आणि एक हात दोन चुलींवर नसतो. तथापि नकारार्थी वाक्याने काय सिद्ध होते हेही पाहिले पाहिजे. शाखा नसणे हे हातखंडा कौशल्याचे लक्षण असू शकते, तसेच मागणी नसण्याचेही असू शकते. उलटपक्षी, शाखा असूनही एखादे नाव नगराशी एकरूप होऊ शकते. हल्दीराम हे नाव मूळचे बीकानेरचे. नागपुरात ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि आज नागपूरहून परतणाऱ्याच्या पिशवीत त्या नावाची संत्रा बर्फी असणे हा जणू प्रघात झाला आहे.

‘शुद्ध’ या विशेषणाचा विचार पुढे सहाव्या भागात करू, कारण त्याचा संबंध रुचीशी नाही.

४

नागपुरातील भोजनविषयक शब्दांत ‘सावजी’ हा सर्वाधिक प्रसिद्ध आणि, मला वाटते, सर्वाधिक चुकीचा वाचला गेलेला शब्द आहे. ‘साव’ हा शब्द संस्कृत ‘साधु’पासून आलेला, ‘चोर आणि साव’ या जोडीत त्याचा सचोटीचा अर्थ आजही जिवंत आहे, आणि ‘सावकार’ या शब्दातही तोच आहे. त्यास आदरार्थी ‘जी’ जोडून ‘सावजी’ हे संबोधन झाले. नागपुरात ते हलबा कोष्टी या विणकर समाजाशी निगडित आहे. उद्बोधक गोष्ट ही की, उत्तर कर्नाटकात हुबळी-गदग भागातही सावजी खानावळी प्रसिद्ध आहेत आणि त्या सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या आहेत. तो समाजही परंपरेने विणकरच. एकच आदरार्थी नाव, दोन भिन्न प्रांत, दोन भिन्न समाज, आणि दोहोंकडे तिखट सामिष रस्सा! तरीही पाकपरंपरा एकच असल्याचे यावरून सिद्ध होत नाही. शब्दसाम्यावरून वस्तुसाम्य मानणे हा व्युत्पत्तीच्या अभ्यासातील जुनाच प्रमाद आहे.

नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे यंत्रमाग आले. हातमागाचा आधार जसजसा खचत गेला तसतसे काही विणकर घरांनी आपला स्वयंपाक हेच उपजीविकेचे साधन केले. म्हणजे सावजी भोजनालय हे एका व्यवसायाच्या ऱ्हासातून उभे राहिलेले दुसरे घर होय. जवसाचे तेल, भाजून वाटलेला मसाला, मटण, खूर, कलेजी, आणि सामिष न खाणाऱ्यांसाठी पाटोडी व डाळकांदा, हा त्या घराचा शब्दसंग्रह. खाद्यलेखनाने या साऱ्याचे एकाच विशेषणात पर्यवसान केले आहे : ‘तिखट’. नवागताला सांगितले जाते की, तेथे जा आणि सहन करून दाखव. एका समाजाच्या स्वयंपाकघराचे असे पैजेत रूपांतर होणे हे समीक्षेचे अपयश आहे. एखाद्या कवीविषयी ‘फार दुर्बोध’ एवढेच सांगून थांबणाऱ्या टीकाकाराला आपण जो दोष देऊ, तोच येथेही द्यावयास हवा. मसाला भाजण्याची पायरी, तेलाचा वास, रश्श्याचा दाटपणा, भाकरीबरोबर आणि भाताबरोबर त्याचा पडणारा फरक यांविषयी चार शब्द लिहिणारा लेखक नवागताचे अधिक हित करील. त्याला हेही सांगता येईल की, पहिल्या दिवशी पाटोडी रस्सा घेऊन पाहावा, तर्री बाजूस काढून ठेवण्यात कमीपणा नाही, आणि भूक लागलेली असताना दुपारी जावे.

५

पदार्थनामे ही निवडीची सर्वांत सूक्ष्म साधने आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील मनुष्य नागपुरात ‘सांबारवडी’ हे नाव वाचतो आणि त्याला दक्षिणेकडील सांबार आठवते. वस्तुतः विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. आणि सांबारवडी ही कोथिंबिरीचे सारण भरून, गुंडाळून तळलेली वडी असून ती वाफवून कापलेल्या कोथिंबीरवडीहून निराळी आहे. बटाटेवड्याचे सगोत्र भावंड येथे ‘आलुबोंडा’ या नावाने येते, आणि त्या नावातील ‘आलू’ नागपूरचा भाषिक इतिहास सांगून जातो. हे नगर १९५६ पर्यंत मध्यप्रांताची व पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि हिंदी व मराठी येथे एकाच बाजारात नांदल्या. ‘तर्री’ हा शब्दही फारसी ‘तर’, म्हणजे ओला, या शब्दाच्या कुळातील. कोल्हापुरात ज्याला ‘कट’ म्हणतात आणि पुण्यातील मिसळीच्या दुकानात ज्याचे ‘सँपल’ मागतात, त्याच स्थानी नागपुरात तर्री येते, आणि ती सकाळच्या पोह्यांवर चण्यासह ओतली जाते.

यावरून एक उपयुक्त कसोटी मिळते. ज्या यादीत ‘सांबारवडी’, ‘वडाभात’, ‘पाटोडी’, ‘तर्री पोहे’ ही नावे स्पष्टीकरणाशिवाय येतात, त्या यादीचा गृहीत वाचक स्थानिक आहे. जेथे त्यांपुढे ‘अस्सल वऱ्हाडी’ असे विशेषण लागते, तेथे गृहीत वाचक परका आहे. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा पश्चिमेकडील, परंपरेने ज्वारीचा प्रदेश. नागपूर वऱ्हाडात नाही, आणि भंडारा-गोंदिया तर मुळीच नाही. पाटीवर ‘वऱ्हाडी’ हा शब्द भूगोल सांगत नाही. तो पुण्या-मुंबईच्या मनातील विदर्भ सांगतो. परक्यासाठी लिहिलेली यादी वाईटच असते असे नव्हे. पण नगर स्वतःशी काय बोलते हे ज्याला ऐकावयाचे आहे, त्याने पहिल्या प्रकारच्या यादीकडे जावे.

६

आता शब्दप्रमाण, म्हणजे शिफारस. शास्त्रानुसार आप्त तो, ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती यथार्थ सांगू इच्छितो. दोन्ही अटी आवश्यक आहेत. फ्रान्समध्ये आंद्रे आणि एदुआर मिशलँ या बंधूंनी १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून भोजनगृहांना तारे देण्यास आरंभ केला. हे बंधू टायरांचे उत्पादक होते. लोकांनी मोटारी अधिक चालवाव्यात यात त्यांचा लाभ होता. तरीही ती मार्गदर्शिका विश्वसनीय ठरली, कारण हेतू व्यापारी असला तरी अमुक भोजनगृहच विकावे असा नव्हता. आजच्या आपल्या याद्यांत हे अंतर क्वचित राखले जाते. एक लेखक दहा नावे देतो, दुसरा तीच दहा वेगळ्या क्रमाने देतो, आणि पुनरुक्तीलाच प्रामाण्य येते. बारकाईने वाचल्यास अशा शिफारशीत पदार्थाची माहिती थोडी आणि शिफारस करणाराचे आत्मचित्र अधिक, असे आढळते.

येथे प्रश्नाची भाषा बदलणे हा एक उपाय आहे. ‘येथे चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारले की, समोरचा मनुष्य आपल्याला पाहुणा समजून स्वतः कधी न जाणाऱ्या जागेचे नाव सांगतो. हे असत्य नव्हे, आतिथ्य आहे. ‘तुम्ही काल दुपारी कोठे जेवलात?’ असे विचारले की, उत्तर मत राहत नाही. ते साक्ष होते. पहिल्या प्रश्नाला विशेषणांनी उत्तर मिळते, दुसऱ्याला नामांनी. 

परंतु या सर्व विवेचनात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की, नवागताला कोणत्याही दारातून आत जाता येते. ते इतिहासाने खरे नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. भोजनगृहाची निवड ही केवढी मोठी समीक्षात्मक कृती असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशाविषयी भेदभाव करण्यास मनाई आहे. संविधानकारांना मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा उल्लेख करावा लागला, ही गोष्ट आपल्या खाद्यलेखकांनी कधीतरी लक्षात घ्यावी.

या संदर्भात ‘शुद्ध शाकाहारी’ हा समास वाचला पाहिजे. शाकाहारी या शब्दाने वस्तुस्थिती पूर्ण सांगितली जाते. ‘शुद्ध’ हे विशेषण तीत माहितीची भर घालीत नाही. ते दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलते. ज्या नगरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या नगरातील पाट्यांवर हा शब्द इतक्या सहजपणे वावरतो, हे अभ्यासकाने नोंदविलेच पाहिजे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरास जे अगणित लोक येतात, त्यांत प्रथमच येणारेही असतात, आणि त्यांतील अनेकांचे पहिले नागपुरी जेवण कोणत्याही भोजनगृहातील नसते. ते रस्त्याकडेला स्वयंसेवकांनी वाढलेले असते. नगराच्या खाद्यकीर्तीच्या कोणत्याही यादीत त्या पंगतीचे नाव येत नाही.

‘फॅमिली रूम’ हा असाच दुसरा शब्द. ‘फॅमिली’चा मराठीतील एक अर्थ पत्नी असा आहे, जुन्या पिढीतील गृहस्थ ‘आमची फॅमिली’ म्हणत ते याच अर्थाने. त्यामुळे पडद्याआडच्या त्या खोलीवर लिहिलेला शब्द वस्तुतः स्त्रियांची जागा सांगतो, आणि तीही कोणाच्या तरी सोबत आलेल्या स्त्रियांची. संशोधनासाठी एकटी नागपुरास गेलेली विद्यार्थिनी या पाटीपुढे उभी राहते, तेव्हा बाहेरचा दालनभाग पुरुषांचा आणि आतला कुटुंबाचा, अशी तिची अवस्था होते. तिच्या दृष्टीने भोजनगृहाची पहिली कसोटी चव ही नाही. एकटीने बसून, कोणाच्या नजरेला उत्तर न देता जेवता येते की नाही, ही आहे. आपल्या खाद्यसमीक्षेने हा निकष जवळजवळ विचारात घेतलेला नाही.

७

सारांश, नवागताने जातिवाचक नामांवरून वेळ ठरवावी, विशेषणांवर विसंबू नये, पदार्थनामांवरून यादीचा गृहीत वाचक ओळखावा, परत परत येणाऱ्यांच्या जागा शोधाव्यात, आणि मतांऐवजी साक्षी गोळा कराव्यात. खाद्यसमीक्षकाकडून मात्र आपण याहून अधिकाची अपेक्षा ठेवली पाहिजे. कोणाचे स्वयंपाकघर पाटीवर चढले आणि कोणाचे चढले नाही, याचा हिशेब त्याने दिला पाहिजे. तळ्यातील मासे, रानभाज्या, आणि ज्या भाताभोवती झाडीपट्टीतील सारे जेवण रचले जाते तो भात, यांना नागपूरच्या पाट्यांवर अद्याप नाव मिळालेले नाही. आमचे विद्यार्थी तेथे जेवतात ते दुसऱ्यांचे घरगुती जेवण.

या विषयाची सामग्री विखुरलेली आणि क्षणभंगुर आहे. पाटी रंगविली जाते, पुसली जाते, आणि तिची नोंद कोणी ठेवीत नाही. देवरी, साकोली, भंडारा आणि नागपूर या मार्गावरील भोजनगृहांच्या पाट्या व पदार्थयाद्या दिनांक-स्थळासह उतरवून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांना एका सत्रात सहज करता येण्याजोगे आहे. नावांतील हिंदी-मराठी मिश्रण, झाडीबोलीतील शब्दांची उपस्थिती वा अभाव, आणि ‘शुद्ध’, ‘फॅमिली’, ‘घरगुती’ या शब्दांची वारंवारता, एवढी तीन सदरे आरंभी पुरेशी होतील. असा संग्रह झाल्यास वर मांडलेल्या विधानांपैकी कोणती टिकतात आणि कोणती दुरुस्त करावी लागतात, हे ठरविता येईल.